चौऱ्यांशीचं माप

पाडव्याला चार दिवस राहिले तेव्हा
माय म्हणाली, लिही.
मी तिच्या पोषण आहाराच्या वहीचं मागचं पान उघडलं.
पुढच्या पानांवर तिचंच वाकडं अक्षर :
सोमवार, मूगदाळ खिचडी, उपस्थित ब्याऐंशी.
मंगळवार, वाटाणा-भात, उपस्थित चौऱ्यांशी.

लिही, चन्याची दाय.
किती?
ती ओंजळ करते, हवेतच काहीतरी ओतते,
थांबते.
"मले आता घरचं माप नाई सांगता येत वं."

बारा वर्षं झाली.
शाळेमागच्या टिनाखाली ती चौऱ्यांशी पोटांचं मीठ
न चाखता टाकते, चुकत नाही.
घरी दोघांची भाजी खारट होते
आणि बाबा न बोलता
दह्याची वाटी जवळ ओढतात.

गूळ आर्वीच्या बाजारातून. काळसर.
पिवळ्याचा भरवसा नाही.
विलायची नको, सोन्याच्या भावानं झाली,
जायफळ हाये डब्यात.
कढी-गोळ्याला ताक आपलंच.
पन्ह्याला कैऱ्या हातपंपाजवळच्या झाडाच्या,
पोट्ट्यांनी काही ठेवल्या असतील तर.
कडुलिंबाचा फुलोरा लिहू नको, तो काही विकत आणायचा आहे?

"तूप लिही. जावयाले पुरनावर दिसलं पाह्यजे,
बोट बुडालं पाह्यजे."
जावयाला डॉक्टरनं तूप बंद केलंय, मी सांगते.
"त्या डॉक्टरले पाडवा नाई का?"
मी लिहिते : तूप, एक किलो.

आता माणसं मोज.
चेतन चाकणहून येतो म्हणाला, एका दिवसाच्या सुटीवर,
म्हणजे रात्रभर बसमध्ये, दिवसभर झोपेत.
त्याची बायको. त्यांची आरोही,
जी गुढीची गाठी तेवढी खाते,
बाकी ताटाकडे पाहून रडते.
आम्ही दोघं. तू. बाबा.
सात.
मी सात लिहून खाली रेघ ओढते.

माय रेघेकडे पाहत नाही.
अंगणातल्या भिंतीकडे पाहते.
तीन वर्षांची भिंत, अजून गिलावा नाही,
विटांच्या फटीतून तिकडचा उजेड येतो.
धुरा हातभर सरकला होता शेतात,
भिंत मात्र इथे उभी राहिली.
पलीकडे कुकरची शिट्टी होते.
माय बोलता बोलता गप्प होते.
दुसरी. तिसरी.
"तुरीची लावली वाटते," ती म्हणते,
आणि पुन्हा : हं, कुठी होतो आपन?

कुरड्या.
त्या माळ्यावर आहेत, पत्र्याच्या डब्यात.
तीन उन्हाळ्यांपूर्वीच्या.
चीक दोघींनी घोटला होता, आळीपाळीनं,
सोऱ्या एकीनं दाबला, खाट दुसरीनं राखली
कावळ्यांपासून.
वच्छलाकाकूच्या कुरड्या गोल यायच्या, मायच्या लांबट.
डब्यात त्या मिसळल्या आहेत.
तेव्हापासून माय दुकानचे पापड तळते.
"डबा काढजो उद्या. ऊन दाखवू."

मग दाय. राहिली होती तशीच.
चार किलो लिही.
चार? सात माणसांना?
"माहा हात बिघडला हाये.
साऱ्या गावाले मालूम हाये, मले थोडं रांधता येत नाई.
उरीन तं उरीन.
पुरन उन्हाचं आंबते, फेकता येत नाई सणाचं,
द्याच लागते मंग कोनाले तरी."

ती हे वहीला सांगते, मला नाही.
मी चार लिहिते. चारावर पेन फिरवून तो ठळक करते.

बाबा बाहेरून येतात, पाय धुतात,
खांद्यावरून यादी वाचतात.
चारावर त्यांचं बोट क्षणभर थांबतं.
"तेल कमी पडीन," एवढंच म्हणतात.

वही मिटता मिटता
माय हात मधे घालते.
जायफळ खोड.
का?
"तिले जायफळानं डोकं धरते.
विलायची लिही.
लिही, महाग तं महाग."